कानात आला आणि तिखट झाला

नवा म्युझिक प्लेअर घेतला की अभिनंदन कुणी करत नाही. चौकशी करतात.

‘फोन आहे ना?’

आहे. फोनमध्ये वेळही दिसते, तरी लोक मनगटावर घड्याळ बांधतात. फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे, तरी वाण्याच्या गल्ल्यावर वेगळा असतो. फोनमध्ये तारीख आहे, तरी भिंतीवर कालनिर्णय आहेच. त्यांना कुणी जाब विचारत नाही. गाण्यासाठी वेगळं यंत्र घेतलं की मात्र माणूस एकदम उधळ्या ठरतो.

फोनमध्ये सगळं आहे, हीच तर अडचण आहे. भीमसेनजींचा आलाप रंगात येतो आणि मध्येच एक गोड आवाज विचारतो, ‘सर, पर्सनल लोन हवंय का?’

हवंय. पण तान संपल्यावर.

प्लेअरला कुणी फोन करू शकत नाही. या एका गुणासाठी मी दुप्पट पैसे मोजले असते. दुकानदाराला हे कळलं नाही, हे माझं नशीब.

दुकान तापकीर गल्लीतलं. बुधवार पेठेतल्या या गल्लीत जे मिळत नाही ते अजून बनलेलंच नाही, अशी पुणेकरांची समजूत आहे. ‘नुसती गाणी वाजवणारा प्लेअर आहे का?’ म्हटल्यावर दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वरच्या फळीकडे. पोऱ्याला स्टुलावर चढवलं. खोकं खाली आलं, त्यावर फुंकर मारली गेली, धूळ माझ्या चष्म्यावर बसली. ‘काका, त्यापेक्षा ब्लूटूथ स्पीकर दाखवू का? अख्ख्या सोसायटीला ऐकू जाईल.’

त्याला वाटलं, हा गुण आहे.

प्लेअरला बटणं मोजून पाच, पडदा इंचभर, बाजूला कार्ड सरकवायची फट आणि मागे खिशाला अडकवायचा चिमटा. चालू केला की पडद्यावर ‘वेलकम’ उमटतं. त्यानंतर तो गप्प बसतो.

स्वागत करून गप्प बसणारं दुसरं काही हल्ली पाहिलंय तुम्ही?

लोकेशन मागत नाही, कॅमेरा मागत नाही, कॉन्टॅक्ट लिस्ट मागत नाही. गाणं वाजवायला माझ्या मावसभावाचा नंबर लागत नाही, हे या स्वस्तातल्या यंत्राला उमगलंय. महागड्यांना अजून उमगायचंय.

गाण्यांची अ‍ॅपं वर्षअखेर हिशेब देतात. तुम्ही वर्षभर काय ऐकलंत, किती ऐकलंत. लोक तो मोठ्या अभिमानाने गावभर पाठवतात. चारचौघांत किशोरीताई आणि एकांतात भलतंच काही ऐकणाऱ्यांची केवढी पंचाईत! माझा प्लेअर हिशेब ठेवत नाही. माझी अभिरुची उच्च आहे.

पुरावा मागू नका. नाहीच तो.

आता गाणी भरायची. १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन बाजारात आला. खिशात मावणाऱ्या एमपीथ्री प्लेअरांचा हा मूळपुरुष. त्यात जागा होती ३२ एमबी. बऱ्या प्रतीची गाणी बसायची आठेक. आठच न्यायची म्हटल्यावर माणूस रात्रभर विचार करत असणार. आज ६४ जीबीच्या कार्डावर उत्तम प्रतीची साडेसहा हजार गाणी बसतात.

विचार करायची गरजच संपली.

चार मिनिटांचं एक गाणं धरा. साडेसहा हजार गाणी न थांबता वाजवली तर अठरा दिवस लागतात. झोप नाही, जेवण नाही, ऑफिस नाही. वाढदिवसाला गाण्यांचं कार्ड भेट देणाऱ्यांनी सोबत रजेचा अर्जही द्यावा.

प्रत्यक्षात वाजतात ती गाणी डझनभरच. कोणती, ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचीही तीच असणार.

कॅसेटच्या काळात यादी करून दुकानात द्यावी लागे. एका बाजूला तीस मिनिटं किंवा पंचेचाळीस. यादी करताना घरात बैठक बसे, दोनदा खाडाखोड होई, आत्याचं एक गाणं भीड म्हणून घालावं लागे. कॅसेट हातात आली की शेवटी दोन-तीन मिनिटं उरलेली असत आणि तिथे दुकानदाराने स्वतःच्या आवडीचं एक गाणं चिकटवलेलं असे. न मागता, न विचारता.

घरात सगळ्यांच्या तोंडी बसायचं ते नेमकं तेच.

तेच ते ऐकण्याला मात्र नावं ठेवू नका. एमपीथ्रीचा जन्मच पारायणातून झाला आहे. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग हे त्या तंत्राच्या जर्मन जनकांपैकी एक. सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ हे साथीशिवाय गायलेलं गाणं त्यांच्या पद्धतीने दाबून लहान केलं की बिघडे. मग ते नीट वाजेपर्यंत तेच गाणं पुन्हा पुन्हा. घरी कुणी विचारलं, ‘किती वेळा तेच?’, तर सरळ सांगा.

संशोधन चालू आहे.

कार्डावर सगळ्यात जास्त गाणी कुणाची? लताबाईंची नव्हेत, रफींचीही नव्हेत. ‘अननोन आर्टिस्ट’ची. हा गृहस्थ ठुमरी गातो, लावणी गातो, सनई वाजवतो आणि अधूनमधून प्रवचनही देतो. एवढा अष्टपैलू कलावंत आणि एकही पद्म पुरस्कार नाही!

१९०२ मध्ये गोहरजानने कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलं. गाणं संपता संपता ती स्वतःचं नाव इंग्रजीत खणखणीत सांगून मोकळी होई. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, आणि तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळायला हवं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बाईला फाइलीला नाव द्यायचं भान होतं. आपल्या कार्डावर ‘ट्रॅक झिरो सेव्हन’ नावाची गाणी पडली आहेत.

आणि लताबाई? त्या चार आहेत. ‘लता’, ‘लता एम’, ‘लता मंगेशकर’ आणि ‘लतादीदी ओल्ड हिट्स’. चौघींचे फोल्डर वेगळे. प्लेअरच्या मते त्यांची एकमेकींशी ओळखही नाही.

नावं देवनागरीत घातली तर आणखी मजा. पडद्यावर चौकोन उमटतात. चौकोन, चौकोन, उद्गारचिन्ह, चौकोन. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला.

प्लेअरला कुणी कळवलं नाही.

मग शफल. सगळी गाणी पिसून वाटायची. मी गीतरामायण भरलं होतं. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते सुरू झालं आणि आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर चाललं. गाणी छप्पन्न. गदिमा लिहीत, बाबूजी चाल बांधत आणि महाराष्ट्र पुढच्या गाण्यासाठी आठ-आठ दिवस थांबे. शफलवर थांबावं लागत नाही. आधी रावणवध झाला, मग रामजन्म, मग सेतू.

राम वनवासाला निघायच्या आत परत आले.

शफल म्हणजे निव्वळ योगायोग, असं तुम्हाला वाटतं? अ‍ॅपलने २००५ मध्ये त्यात मुद्दाम फेरफार केला. खरा योगायोग लोकांना पटेना. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली की यंत्र बिघडलंय म्हणून ओरड. मग यंत्राचा स्वैरपणा थोडा कमी केला, म्हणजे लोकांना ते जास्त स्वैर वाटावं.

आपल्याला नशीब हवं असतं. फक्त ते आपल्या सोयीने यायला हवं.

प्लेअर घेतलाय ही बातमी फुटली की जाणकार घरी येतात. ‘एमपीथ्री ऐकतोस? शी! फ्लॅक ऐक.’ २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ, डॅक कुठला, कॅपॅसिटर कुठला. तासभर बोलतात. जाताना विचारावं, गाणं कोणतं होतं?

तिकडे लक्ष नव्हतं.

सोनीने २०१६ मध्ये एक वॉकमन काढला. तांब्याची चौकट, तिला सोन्याचा मुलामा. वजन साडेचारशे ग्रॅमच्या वर. अमेरिकेत किंमत ३,२०० डॉलर. खिशात ठेवला तर खिसा फाटतो.

न ठेवता नुसता विकत घेतला तरी फाटतो.

आता शरीरशास्त्र पाहा. माणसाला साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, तेही ऐन तारुण्यात. वय वाढेल तसे वरचे सूर आधी रजा घेतात. म्हणजे भारी प्लेअर परवडायला लागेतो तो पेलणारे कान निवृत्त झालेले असतात. ज्याला तो बारकावा ऐकू येईल तो नातू फोनच्या स्पीकरवर रील बघत बसलाय.

काही भक्त नवे हेडफोन घरी आणून आधी शंभर-शंभर तास नुसते वाजत ठेवतात. त्याशिवाय म्हणे ते ‘मोकळे’ होत नाहीत. शंभर तासांनी आवाज खरंच गोड वाटतो. हेडफोन सरावले की कान?

प्रश्न विचारू नये. त्यांनी पैसे मोजलेत.

२०१६ मध्येच अ‍ॅपलने आयफोन ७ मधून इअरफोनचं साडेतीन मिलिमीटरचं भोक बुजवलं आणि त्यासाठी भर मंचावरून ‘धैर्य’ असा शब्द वापरला. भोक बुजवायला धैर्य लागतं हे खरंच असावं. आपल्याकडच्या महापालिकांकडे ते कधीच नव्हतं.

माझ्या प्लेअरला भोक आहे. आणि त्या भोकाचं घराणं मोठं आहे. त्याचे पूर्वज एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. एका भोकात पिन खुपसायची, दुसऱ्यात दुसरी, की दोन माणसं एकमेकांशी बोलू लागायची. जोडण्यासाठी जन्माला आलेली ही पिन.

आज ती खुपसायची, ती समोरच्याने बोलू नये म्हणून.

खोटं वाटतं? इअरफोन घालून बसस्टॉपवर उभे राहा. वर्गणीवाले पुढे जातात. विमावाले पुढे जातात. लांबचे नातेवाईक लांबूनच हात हलवतात. ‘लग्नाचं काय ठरवलंय पोराच्या?’ हा प्रश्न घशातच राहतो. इतकं संरक्षण तर आमदारांनाही नसतं.

आणि खरी मौज पुढेच आहे. इअरफोन कानात ठेवा आणि गाणं बंद करा.

परवा बसमध्ये समोरच्या बाकावर दोघे कारकून. एकाने माझ्याकडे मान वळवून पाहिलं, वायर पाहिली, निर्धास्त झाला. मग साहेबांची बदली का झाली, बिल कुणी अडवलं, मेव्हण्याच्या नावावर काय आहे, सगळं सविस्तर. दुसरा म्हणाला, ‘हळू बोल.’ पहिला म्हणाला, ‘त्यांना काय ऐकू येतंय!’ मी पायाने ताल धरला.

साडेसहा हजार गाण्यांत असा कार्यक्रम नाही.

पण एक गोष्ट कबूल करायलाच हवी. कानात वायर घालणारा निदान दुसऱ्याच्या कानात घालत नाही. दुसरी जमात याच्या उलट. टेकडीवर पहाटे जा. फिरणाऱ्या आजोबांच्या शर्टाच्या खिशात फोन, फोनवर भक्तिगीत, आवाज पूर्ण. मागून दुसरे आजोबा, त्यांचं प्रवचन. वळणावर दोघांची गाठ पडते आणि भक्ती आणि ज्ञान यांचा संगम होतो. मोर आधीच पलीकडच्या टेकडीवर गेलेला असतो.

लोकलमधली भजनी मंडळं वेगळी. तिथे माणसं स्वतः गातात, टाळ स्वतः वाजवतात, बेसूर झाली तर जबाबदारी घेतात. फोनच्या स्पीकरवाल्याला सूर लागण्याचीही जबाबदारी नाही आणि थांबण्याचीही नाही.

मुंबईत बेस्टने २०२३ मध्ये फर्मान काढलं: बसमध्ये इअरफोनशिवाय मोबाइल मोठ्याने वाजवायचा नाही. उत्तम झालं. हे सांगण्यासाठी फर्मान काढावं लागलं, हे मात्र उत्तम झालं नाही.

एकेकाळी या देशात रेडिओ ऐकायला परवाना लागे. पोस्टात जायचं, पैसे भरायचे, पुस्तिकेवर तिकीट डकवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ती कटकट गेली. आता ऐकायला परवाना लागत नाही.

ऐकवायला लावायला हवा होता.

आवाजाचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा: ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकलंत तर चालेल. ९० ला चार तास. १०० ला वीस मिनिटं. वीस मिनिटं, तीही आठवड्यातून. गणपतीत लक्ष्मी रस्त्यावरचे शंभरीपुढचे आकडे दरवर्षी पेपरात छापून येतात. तिथल्या स्पीकरच्या भिंतीसमोर आरोग्याचा वर्षाचा कोटा एका रात्रीत उडवून आलेला बाप घरी पोराला सांगतो, ‘इअरफोन काढ, कान खराब होतील.’

‘काय?’ असं पोरगं विचारत नाही. बाप विचारतो.

रस्ता आणि रूळ ओलांडताना मात्र इअरफोन काढा. या वाक्यात तिरकस काही नाही.

तर, एक जमात कुणाचं ऐकत नाही आणि दुसरी सगळ्यांना ऐकवते. मधली वाट कुणाला सुचलीच नाही? सुचली होती. सुरुवातीलाच.

सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला. किंमत ३३,००० येन. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना विमानाच्या लांबच्या प्रवासात गाणी ऐकायची होती, त्यातून हे खूळ निघालं. यंत्रात रेकॉर्डिंगची सोय नव्हती. कंपनीतलेच लोक म्हणाले, नुसतं वाजवणारं घेणार कोण? पहिल्या महिन्यात खपले जेमतेम तीन हजार. ऑगस्ट संपेपर्यंत पहिले ३०,००० संपले.

शिल्लक राहिला तो फक्त शंकेखोरांचा अंदाज.

त्या वॉकमनला भोकं दोन होती. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी नमुना घरी नेला, कानाला लावला, डोळे मिटले. बायको वैतागली. तिला काहीच ऐकू येईना. एकट्याने गाणं ऐकणं म्हणजे उद्धटपणा दिसेल, या धास्तीने मोरितांनी दुसऱ्या हेडफोनसाठी दुसरं भोक पाडून घेतलं. वर एक नारिंगी बटणही बसवलं. ते दाबलं की गाण्याचा आवाज खाली जायचा आणि छोट्या माइकमधून शेजारच्याशी बोलता यायचं.

शेजारच्याशी बोलण्यासाठी बटण! जगाच्या इतिहासात अशी सभ्य यंत्रं किती झाली?

गिऱ्हाइकांनी दुसरं भोक तसंच ठेवलं. लोकांना वॉकमन स्वतःपुरता हवाय, हे मोरितांना लवकरच कळून चुकलं. पुढे बटण गेलं. यथावकाश दुसरं भोकही गेलं.

उद्धटपणा तेवढा टिकला.

मोरितांना माणसाची पारख नव्हती असं म्हणावं तर तसंही नाही. १९५७ मध्ये सोनीने खिशात मावणारा रेडिओ म्हणून जाहिरात केली. रेडिओ खिशापेक्षा जरा मोठा निघाला. आता काय करायचं? रेडिओ लहान नाही केला. विक्रेत्यांसाठी मोठ्या खिशाचे शर्ट शिवून घेतले.

हा माणूस मराठी असता तर कुठल्याही पक्षाने डोक्यावर घेतला असता.

आपल्याकडेही गाण्यांचं एक यंत्र धो धो चाललं. सारेगामाने २०१७ मध्ये कारवां आणला. रूप जुन्या रेडिओचं, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, इंटरनेटची गरज नाही. पुढे मराठी गाण्यांचाही आला. खरेदी केला मुलांनी, ऐकला आईवडिलांनी. अमेरिकेतल्या मुलाने पाठवला, पुण्यातल्या आईने टीपॉयवर ठेवला, वर क्रोशाचं कव्हर घातलं. भेट छान आहे, प्रश्नच नाही. पाच हजार गाणी आहेत, आई एकटी कशी?

फोन कधी करणार, ते गाण्यांत नाही.

कारवांची एक गंमत मात्र मला फार आवडते. त्या पहिल्या कारवांत हवं ते गाणं नावाने हुकमी लावता येत नाही. गायक निवडा, संगीतकार निवडा, मग बटण दाबत बसा. पोरं याला उणीव म्हणतात. आई म्हणते, ‘अरे, हे गाणं मी चाळीस वर्षांनी ऐकलं!’ शोधून सापडलं नसतं. कारण शोधायला ते आठवायला हवं.

इथे माझ्या प्लेअरचं पितळ उघडं पडतं. साडेसहा हजार गाणी, जवळजवळ सगळी माझ्या पसंतीची. आत्याचं भिडेपोटी घातलेलं नाही, दुकानदाराने चिकटवलेलं नाही, शेजारच्या खिडकीतून आलेलं नाही. म्हणूनच तर कंटाळा येतो आणि माणूस पुन्हा त्याच डझनभरांकडे वळतो. आपल्याला आवडणारी निम्मी गाणी कधीकाळी दुसऱ्याच कुणीतरी लावली होती.

तीही आपल्या मर्जीविरुद्ध.

मर्जीविरुद्ध म्हटलं की सरकारचा उत्साह वाढतो, म्हणून सांगून ठेवतो. पन्नासच्या दशकात नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर. मराठी माणूस, त्यात अभिजात संगीताचा कैवारी. जनतेने उत्तम तेच ऐकावं म्हणून त्यांनी आकाशवाणीवर सिनेसंगीताला आळा घातला. जनतेने वाद घातला नाही. रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींची बिनाका गीतमाला ऐकली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली.

सरकारने लादलेलं कुणी ऐकत नाही. आजीने लादलेलं तोंडपाठ होतं.

कारण घरात रेडिओ एक आणि कान दहा. बाबांना बातम्या, आजीला कीर्तन, ताईला गीतमाला, काकांना क्रिकेटची कॉमेंट्री. काटा कुठे राहणार, यावर रोज महाभारत. त्या महाभारतात हरलेल्याला जिंकलेल्याचं गाणं ऐकावं लागे. आज घरात पाच माणसं, पाच फोन, पाच वायरी. भांडण नाही, शांतता आहे.

एवढी शांतता तर बँकेच्या लॉकर रूममध्येही नसते.

उपाय आहे, आणि स्वस्त आहे. एका भोकाची दोन करणारा जोड मिळतो. स्प्लिटर मागा. मिसळीच्या एका प्लेटीहून कमी पैशांत मोरितांचं दुसरं भोक परत मिळतं. त्यासाठी वॉकमनचं संग्रहालय धुंडाळायला नको.

मी आणला. एक वायर माझ्या कानात, एक बायकोच्या. वायर हातभर. एकाला पाणी प्यायला उठायचं तर दोघांनी उठायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायला तिसरं माणूस लागतं. सप्तपदीतही इतकं जखडून ठेवत नाहीत.

गाणं सुरू झालं.

‘अहो, हे काय रडगाणं लावलंय?’

‘मारवा आहे. थांब, आत्ता रंगेल.’

‘रंगेपर्यंत भाजी करपेल. पुढचं लावा.’

पुढचं लावलं. ते मला नको होतं. त्याच्या पुढचं तिला नको होतं. चौथ्या गाण्याला आवाज कमी की जास्त यावर चर्चा, पाचव्याला मूळ गायिका कोण यावर पैज. पैज मी हरलो नाही, असं मी म्हणतो. सहावं गाणं लागलं ते कार्डावर कुठून आलं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. कलाकार अर्थातच ‘अननोन आर्टिस्ट’. ते मात्र दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं.

मोरितांच्या बायकोची तक्रार रास्त होती.

तेव्हा नवा प्लेअर घ्या. जरूर घ्या. फोन आहे ना, असं विचारणाऱ्याला उत्तर देऊ नका, दुसरी वायर द्या. गाणं कोणतं लावायचं यावरून घरात वाद पेटला, तर पैसे वसूल झाले असं समजा. गुण्यागोविंदाने ऐकलंत, तर कार्ड तपासा. काहीतरी बिघडलंय.

आमच्याकडचा वाद अजून मिटलेला नाही. प्लेअर सध्या कुणाकडे आहे, हे कृपया विचारू नका.

हे सदर या आठवड्यात वेळेवर छापायला गेलं, त्यावरून ओळखा.